इंदूरमध्ये पोरांचं बेसबॉल सुरू करायचंय? पार्सलचं नंतर बघा

माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, अमेरिकेहून हातमोजे कसे मागवायचे?" मी विचारते, मुलं किती आहेत? अजून ठरायचंय. मैदान? बघू. शिकवणार कोण? यूट्यूब आहे ना! वापरलेलं सामान गोळा करून गरजू मुलांपर्यंत पोचवणाऱ्या संस्था खरोखरच आहेत. २००५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'पिच इन फॉर बेसबॉल' याच कामासाठी निघाली. पण मुलं कोण, शिकवणार कोण आणि सामान कुठे ठेवणार, एवढं तरी कुठलीही देणारी संस्था विचारणारच. म्हणून आधी खेळ उभा करा.

त्यासाठी बॅट लागत नाही, हातमोजाही लागत नाही. 'बेसबॉल फाइव्ह' हा प्रकार जागतिक बेसबॉल-सॉफ्टबॉल महासंघाने २०१८ मध्ये आणला. एका बाजूला पाच खेळाडू, पाच डाव आणि एक रबरी चेंडू, जो हातानेच मारायचा. २१ मीटर लांब-रुंद जागा पुरते, म्हणजे शाळेचं पटांगण झालं. संघात मुलं-मुली एकत्र खेळतात, आणि माझ्या मते इथे सगळ्यात मोठा फायदा तोच. होळकर संघाने चारदा रणजी करंडक जिंकला त्या आपल्या गावात मुलाला क्रिकेटमधून ओढून आणायला गेलात तर बाप दारातच अडवेल. त्या नादाला लागू नका. क्रिकेटच्या नेटमध्ये जिला कोणी उभं करत नाही त्या मुलीला आधी बोलवा. तिची आई स्वतः सोडायला येते.

शिकवायला माणूस शोधताना सॉफ्टबॉल खेळलेली माणसं विचारा. शाळा-कॉलेजातून हा खेळ खेळलेली एखादी मावशी सुदामानगर किंवा लोकमान्यनगरात निघेलच. दोन्ही खेळांचे बरेचसे नियम सारखे, त्यामुळे तिला नव्याने फारसं काही शिकवावं लागत नाही.

पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावा: पळणाऱ्याला चेंडू फेकून मारायचा नाही. आपली पोरं सितोलियावर, म्हणजे लगोरीवर वाढलेली, त्यांचा हात आपोआप पाठीवर नेम धरतो. इथे चेंडू हातात धरून पळणाऱ्याला टेकवायचा, नाहीतर तो पोचायच्या आत बेसवर, म्हणजे चौकोनाच्या कोपऱ्यातल्या ठाण्यावर, पाय ठेवायचा. क्रिकेटच्या सवयी मग एकेक करून सुटतात. पुढे बॅटने खेळायला लागलात की फटका मारल्यावर बॅट तिथेच टाकायची, घेऊन पळायचं नाही. बॅट बाजूला भिरकवायचीही नाही, पुढचा गडी तिथेच उभा असतो. मागे मारलेला सुंदर लेट कट इथे फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा. आणि चेंडू आत पडला की पळावंच लागतं, 'नको, राहू दे' म्हणायची सोय नाही. पहिल्या बेसवरून पुढे धावत गेलं तर चालतं, दुसऱ्या-तिसऱ्यावर मात्र थांबायचं. हे शेवटचं पोरांना सगळ्यात उशिरा समजतं.

मोठं मैदान आखायची वेळ आली की लिटल लीग या अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल संघटनेची मापं घ्या: बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना दोन बेसमध्ये ६० फूट, पिचर (चेंडू टाकणारा) ४६ फुटांवर. काटकोनासाठी डोळ्यावर विसंबू नका. होम प्लेटच्या, म्हणजे फटका मारायच्या जागेच्या, मागच्या टोकापासून सरळ ८४ फूट १० इंचांवर दुसरा बेस ठरवा. मग होमवरून ६० फुटांची एक दोरी आणि दुसऱ्या बेसवरून तेवढीच दुसरी ताणा. उजवीकडे जिथे त्या भेटतील तो पहिला बेस, डावीकडे तिसरा. पिचरची जागा होम आणि दुसऱ्या बेसच्या रेषेवरच येते. रेषांना कबड्डीची फक्कीच चालते. बेससाठी जुन्या रबरी पायपुसण्या कापून घ्या. वाळूची पोती ठेवाल तर घोटे मुरगळतील. पहिल्या बेसला फाउलच्या बाजूने नारिंगी रंगाचा जोडबेस लावा: पळणारा नारिंगीवर, क्षेत्ररक्षक पांढऱ्यावर, म्हणजे टक्कर टळते.

चिमणबाग मैदानावर रविवारी जागा मिळेल ही आशा सोडा, मधल्या वारी सकाळी जा. मोसम दिवाळीनंतर धरा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात बूट गिळते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेवर आपटून चेंडू थेट तोंडाकडे येतो. घसरून बेस गाठणं माझ्याकडे बंदच आहे. लहानांसाठी मऊ चेंडू वापरा, खरा १४२ ग्रॅमच्या पुढचा आणि कडक असतो. पिचरचे चेंडू मोजायला एक पालक वहीसकट बसवा. लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५, ९-१० वर्षांच्याला ७५ ही मर्यादा आहे, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस सुट्टी. जो सकाळी क्रिकेट अकादमीत बोलिंग करून आला, त्याला मी संध्याकाळी पिचर करत नाही. बापाने कितीही 'भिया, टाकू द्या ना' केलं तरी.

आता पार्सल. फुकटच्या सामानालाही कायदा लागतो. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्यानुसार, संस्थेला परदेशातून दान आलेल्या वस्तूही विदेशी दानात धरल्या जातात, त्यामुळे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं चाललेली आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेला असावा लागतो. 'ओळखीच्या ट्रस्टच्या नावावर मागवून घेऊ' हा मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद केला; आलेलं दान दुसऱ्या संस्थेकडे सोपवता येत नाही. शिवाय कस्टम ड्युटी वेगळी. सीएला विचारल्याशिवाय कुणालाही पत्ता देऊ नका. तोवर हातमोजे मेरठ-जालंधरच्या दुकानदारांकडून इथल्याच वर्गणीतून घ्या.

पार्सलशिवायही अशा संस्थांकडे दोन गोष्टी मागता येतात: सरावाचे आराखडे आणि महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर अनुभवी कोच. पत्रात 'कृपया मदत करा' लिहून भागत नाही. मुलं किती, वयं काय, मुली किती, आठवड्यात कोणते दिवस, कुलूप असलेली खोली कोणाच्या शाळेत, हे लिहा. हातमोज्यांची यादी पाठवायची झाली तर उजव्या हाताने फेकणाऱ्याला मोजा डाव्या हाताचा लागतो. म्हणून यादीत मुलगा फेकतो कोणत्या हाताने ते लिहा, आणि वर्गात डावखुरी किती आहेत ते मोजून लिहा. त्यांचे मोजे इथल्या दुकानात सहज मिळत नाहीत.