मोटारीत चोरीविरोधी अलार्म बसवणे आणि तो नीट लावून घेणे

मोटारीत अलार्म बसवण्याच्या कामाचे दोन भाग असतात. तारा जोडण्याचा भाग सरावलेल्या हाताला एका दिवसात उरकता येतो; धक्का ओळखणारा सेन्सर नेमका लावून घेण्याचा भाग मात्र पुढचे आठ-दहा दिवस चालतो, आणि अलार्म उपयोगी पडणार की नाही हे बहुतेक वेळा या दुसऱ्या भागावरच ठरते. रात्रीतून तीन-चार वेळा विनाकारण वाजणाऱ्या अलार्मकडे आसपासचे लोक लक्ष देईनासे होतात, मालक कंटाळून तो बंद ठेवू लागतो, आणि ज्या रात्री खरोखरच कोणी दाराशी झटापट करते त्या रात्री तो वाजला तरी खिडकी उघडून कोणी पाहत नाही.

आधी गाडी ओळखावी

येथे सांगितलेली पद्धत किल्लीने सुरू होणाऱ्या आणि दारे, इंडिकेटर व सेंट्रल लॉक यांसाठी स्वतंत्र तारा असणाऱ्या गाड्यांना लागू पडते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये दार उघडे आहे की बंद ही माहिती वेगळ्या तारेने जात नाही. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून, म्हणजे कॅन बसवरून, ती संदेशांच्या रूपाने फिरते. या तारांना बाहेरून वीज देऊ नये आणि त्या तोडून मध्ये काही जोडूही नये, कारण इंजिन आणि ब्रेक यांचे नियंत्रकही अशाच जाळ्यावरून एकमेकांशी बोलत असतात. अशा गाडीसाठी त्या मॉडेलला जुळणाऱ्या कॅन मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे अलार्मचा मुख्य इलेक्ट्रॉनिक डबा) अलार्मच घ्यावा. गाडी बटणाने सुरू होणारी असेल, तर पुढे सांगितलेली स्टार्टर तोडण्याची जोडणी स्वतः करू नये. गाडी वॉरंटीत असल्यास वायरिंगला हात लावण्यापूर्वी तिच्या अटी वाचून घ्याव्यात.

अलार्म निवडताना मी सर्वांत आधी रिमोटचा कोड पाहतो. स्थिर कोडचा रिमोट दर वेळी एकच संदेश पाठवतो. तो कोणी जवळ उभे राहून टिपला, तर नंतर तोच पुन्हा पाठवून अलार्म बंद करता येतो. रोलिंग कोडमध्ये प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर संदेश बदलतो आणि एकदा वापरलेला संदेश मॉड्यूल पुन्हा स्वीकारत नाही. सायरनचा आवाज किती मोठा आहे यापेक्षा ही बाब मला महत्त्वाची वाटते.

हत्यारे आणि खबरदारी

डिजिटल मल्टिमीटर, तारा सोलण्याची पकड, डाग देण्याची इस्त्री आणि कथिल, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी, वायरिंगची कापडी टेप, केबल टाय आणि डॅशबोर्डची आवरणे उचकटण्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी एवढे साहित्य पुरते. तारा तपासण्यासाठी बल्बचा टेस्ट लॅम्प वापरू नये. तो पेटण्यासाठी तारेतून बराच विद्युतप्रवाह ओढतो आणि तार एखाद्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची निघाली तर त्याचे नुकसान होऊ शकते. मल्टिमीटर मात्र जवळपास काहीच प्रवाह ओढत नाही. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरसुद्धा लावू नये.

कामाचा क्रम असा ठेवावा की बॅटरी जोडलेली असताना सर्व तारा शोधून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटे थांबावे आणि त्यानंतरच तारा सोलून जोडायला घ्याव्यात. काही रेडिओ बॅटरी काढल्यावर सुरक्षा कोड मागतात, तो आधी शोधून ठेवावा.

तारा शोधणे

मीटर २० व्होल्टच्या डीसी पट्ट्यावर ठेवून काळे टोक गाडीच्या सांगाड्याच्या उघड्या धातूला लावावे. जी तार किल्ली बंद असतानाही सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते ती कायम वीज असलेली तार होय. इग्निशनची तार ओळखताना मात्र घाई होते आणि चूक येथेच घडते. किल्ली ‘ऑन’वर नेल्यावर १२ व्होल्ट दाखवणाऱ्या तारा अनेक असतात, परंतु सेल्फ मारताना त्यांपैकी काहींची वीज क्षणभर तुटते, कारण त्या रेडिओसारख्या उपकरणांच्या असतात. सेल्फ मारत असतानाही जिची वीज टिकते तीच अलार्मला द्यावी. अन्यथा गाडी सुरू करताना मॉड्यूलला किल्ली बंद झाल्याचा भास होतो.

दारांच्या तारा बहुतेक गाड्यांत दार उघडल्यावर अर्थ होतात, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी जोडल्या जातात. त्या शोधण्यासाठी मीटरचे लाल टोक कायम विजेवर ठेवून काळे टोक तारेला लावावे: दार उघडल्यावर १२ व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्याजवळचा आकडा दिसला तर ती निगेटिव्ह ट्रिगरची तार आहे. ही चाचणी प्रत्येक दारावर वेगळी करावी, कारण काही गाड्यांत चालकाच्या दाराची तार स्वतंत्र असते. दोन वेगळ्या तारा एकाच इनपुटला आणायच्या असतील तर प्रत्येकीत प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा १एन४००७ जातीचा डायोड घालावा आणि त्याची पट्टी असलेली बाजू दाराच्या स्विचकडे ठेवावी. डायोड न घालता तारा एकत्र केल्यास मागचे दार उघडल्यावरही चालकाचे दार उघडे असल्याची खूण दिसू लागते. छतावरच्या दिव्याची तार घेतली असेल आणि तो दिवा दार लावल्यानंतर काही सेकंद मंद होत विझत असेल, तर तेवढा वेळ अलार्मला दार उघडेच वाटते. त्यासाठी पुस्तिकेत दिलेला विलंबाचा पर्याय चालू करावा.

इंडिकेटरसाठी अलार्मच्या दोन तारा असतात. एक डावीकडे आणि एक उजवीकडे जोडावी, दोन्ही एकत्र पिळू नयेत, नाहीतर एका बाजूचा इंडिकेटर दिला तरी दोन्ही बाजू लुकलुकतात. सेंट्रल लॉकच्या स्विचवर क्षणभर अर्थ दिल्याने दारे बंद होत असतील तर अलार्मची निगेटिव्ह पल्स थेट देता येते. दारांतल्या मोटारी सरळ चालवायच्या असतील तर मध्ये रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) लागतातच, कारण मॉड्यूलच्या त्या तारा अँपिअरच्या काही अंशाइतकाच भार सोसतात.

बॉनेट उघडल्याचे अलार्मला कळवणारा पिन स्विच पावसाचे पाणी वाहणाऱ्या पन्हाळीत बसवू नये. बॉनेट बंद झाल्यावर त्याची दांडी किमान ६ मिलिमीटर दाबली जायला हवी. ती जेमतेम दाबली गेली तर काही महिन्यांनी रबर बसले की स्विच अधूनमधून सुटू लागतो आणि कारण सापडत नाही.

स्टार्टर तोडण्याची जोडणी

अलार्म लावलेला असताना सेल्फ लागू नये, यासाठी पाच पिनांचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले वापरतात. फक्त सेल्फ मारतानाच १२ व्होल्ट दाखवणारी जाड तार शोधून ती तोडावी, किल्लीकडचे टोक ३० क्रमांकाच्या पिनला आणि स्टार्टरकडचे ८७ए पिनला जोडावे. ८६ला इग्निशनची वीज द्यावी आणि ८५ला अलार्मची, तो लावलेला असताना अर्थ होणारी तार द्यावी. या रचनेत रिलेचे गुंडाळे केवळ अलार्म लावलेला असून कोणी किल्ली फिरवली तरच प्रवाह घेते, त्यामुळे उभ्या गाडीची बॅटरी त्यामुळे उतरत नाही. शिवाय मॉड्यूल बिघडले तरी ८७एची वाट जोडलेलीच राहते आणि गाडी सुरू होते.

काही जण इंधनपंप किंवा इंजिनच्या इग्निशनची तार तोडणे अधिक पसंत करतात. मी याचा आग्रहाने विरोध करतो. स्टार्टरची तार चालत्या गाडीत निरुपयोगी असते, म्हणून तिच्यातला दोष फार तर गाडी सुरू होऊ देत नाही. इंधनपंपाच्या तारेतला सैल सांधा मात्र भरधाव गाडीचे इंजिन बंद पाडतो, स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदतही लवकरच संपते.

मॉड्यूल, सायरन आणि सांधे

मॉड्यूल डॅशबोर्डच्या आत अशा जागी बांधावे की खाली झोपून एका हाताने ते ओढून काढता येणार नाही, आणि ते पेडलांच्या किंवा स्टिअरिंगच्या हालचालीच्या वाटेत येणार नाही. सायरन बॉनेटखाली, एक्झॉस्टच्या गरम भागापासून दूर आणि तोंड खाली करून बसवावा, म्हणजे त्यात पाणी साठत नाही. गाडीखालून हात घालून त्याची तार तोडता येत नाही ना, हेही पाहावे. त्याची तार इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्यातून आधीच असलेल्या रबरी बुचातून न्यावी. नवे छिद्र पाडल्यास त्यात रबरी बूच घातल्याशिवाय तार ओढू नये.

सांध्यांसाठी दाबून बसणाऱ्या निळ्या-लाल चिमट्या टाळाव्यात, कारण त्या तारेचे काही धागे कापतात आणि कंपनाने सैल होतात. तार सोलून, गुंडाळून, डाग देऊन आणि वर नळी आवळून केलेला सांधा वर्षानुवर्षे टिकतो. अर्थची तार सांगाड्यावरचा रंग खरवडून बोल्टने आवळावी, आणि मुख्य विजेच्या तारेतला फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ ठेवावा.

धक्क्याच्या सेन्सरचे समायोजन

हा सेन्सर जिथे बसतो तिथल्या भागाची कंपने ऐकतो. लोंबत्या प्लॅस्टिकच्या आवरणाला बांधला तर ते आवरण स्वतःच हलते, आणि फोमच्या जाड थरावर चिकटवला तर खरा धक्काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत मी तो प्रथम अशाच एका आवरणामागे बांधला होता. समोरून जड ट्रक गेला की सायरन वाजे, आणि संवेदनशीलता उतरवत नेली तर मुठीने दार ठोकले तरी तो गप्प राही. डॅशबोर्डमागच्या धातूच्या पट्टीवर, गाडीच्या साधारण मध्यभागी, केबल टायने घट्ट बांधल्यावर दोन्ही तक्रारी एकदमच थांबल्या. म्हणून सेन्सरचा स्क्रू फिरवण्याआधी त्याची जागा बदलून पाहावी.

बहुतेक सेन्सर दोन टप्प्यांचे असतात: हलक्या धक्क्याला काही चिवचिव आणि जोराच्या धक्क्याला पूर्ण सायरन. स्क्रू कोणत्या दिशेने फिरवल्यास संवेदनशीलता वाढते हे पुस्तिकेत पाहून सुरुवात सर्वांत कमी पातळीपासून करावी. काचा व दारे लावून अलार्म चालू करावा आणि सेन्सर स्थिर व्हायला निदान अर्धा मिनिट द्यावा. मग बंद मुठीची मऊ बाजू दाराच्या मधल्या खांबावर, पुढच्या आणि मागच्या बंपरवर सारख्याच जोराने मारावी; काचेवर मारू नये. काहीच झाले नाही तर अलार्म बंद करून स्क्रू एका वर्तुळाच्या आठव्या भागाएवढाच फिरवावा आणि पुन्हा तितकेच थांबून तपासावे. मध्यम ठोक्याला चिवचिव आणि जोराच्या ठोक्याला सायरन अशी स्थिती आली की तिथेच थांबावे. तळहाताने हलके थोपटल्यावर किंवा शेजारच्या गाडीचे दार लावल्यावर अलार्म गप्प राहिला पाहिजे.

त्यानंतर आठवडाभर गाडी नेहमीच्या जागी उभी करून निरीक्षण करावे, कारण रात्री रस्ता शांत असतो, वारा वेगळा असतो आणि गार होत जाणारे पत्रे स्वतःच टिकटिकतात. सायरनची वेळ ३० सेकंदांपलीकडे वाढवू नये.

आतल्या हालचाली टिपणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असल्यास काचा पूर्ण बंद असणे आवश्यक आहे. आरशाला टांगलेली झुलती वस्तू किंवा किंचित उघडी राहिलेली काच त्याला पुरेशी होते.

खोटी वाजणूक कुठून येते

अलार्म बंद करताना बहुतेक मॉड्यूल एलईडी ठरावीक वेळा लुकलुकवून तो दार, बॉनेट की सेन्सर यांपैकी कशामुळे वाजला ते सांगतात. ही खूण लिहून ठेवल्याशिवाय सेन्सरला हात लावू नये, कारण दोष दाराच्या गंजलेल्या स्विचमध्ये असताना संवेदनशीलता कमी करत गेल्याने दोष तसाच राहतो आणि संरक्षण मात्र जाते. कमजोर बॅटरीमुळेही मॉड्यूल भरकटते.

शेवटी उभ्या गाडीचा प्रवाह मोजावा. बॉनेटचा स्विच दाबून ठेवून, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मीटर १० अँपिअरच्या पट्ट्यावर तिच्या मालिकेत जोडावा, गाडीतले सर्व नियंत्रक झोपी जाण्यासाठी अर्धा तास थांबावे आणि या काळात दार उघडू नये वा किल्ली फिरवू नये. आकडा ५० मिलीअँपिअरच्या खाली यायला हवा. ५० मिलीअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी वीस दिवसांत निम्म्याहून अधिक उतरते. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर हा हिशेब आधीच मांडावा.

कोणती तार कोणत्या रंगाच्या तारेला कुठे जोडली, फ्यूज कुठे आहे आणि रिमोट हरवल्यास अलार्म बंद करणारा लपवलेला स्विच कुठे आहे, हे कागदावर लिहून तो कागद घरी ठेवावा, गाडीत नव्हे.