गुरं सोडण्याआधी शिवारातली जुनी बॅटरी उचला

पशुपालकांनो, पहिल्या पावसाने हिरवळ फुटली की गुरं मोकळी सुटतात आणि दिसेल त्याला तोंड लावतात. त्याआधी बांधावर, विहिरीपाशी, गोठ्यामागे पडलेली ट्रॅक्टरची किंवा झटका मशीनची जुनी बॅटरी उचला. बाकीची कामं दोन दिवस पुढेमागे झाली तरी चालतील, हे नाही.

उन्हापावसाने बॅटरीचं कवच तडकतं आणि आतल्या पट्ट्यांवरची करडी-पांढरी पूड उघडी पडते. ती शिशाची असते. जनावर ती मिठासारखी चाटतं, वासरं तर हमखास. पट्टीचा तुकडा गिळला गेला की जडपणामुळे जाळीपोटात (पोटाच्या जाळीदार कप्प्यात) जाऊन बसतो आणि आठवडेच्या आठवडे थोडंथोडं शिसं रक्तात सोडत राहतो. माझा अंदाज असा, की ज्या दावणीला मीठ नसतं तिथली गुरं आधी बळी पडतात.

शिसं भिनलं की जनावर आंधळ्यासारखं धडकतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, दात खातं, कान-पापण्या फडफडतात, रवंथ थांबतं. पुष्कळ जण पोटफुगी समजून तेल पाजतात आणि दिवस घालवतात. हीच लक्षणं रेबीजचीही असू शकतात, म्हणून तोंडात हात घालू नका. डॉक्टरांना पहिल्याच फोनवर सांगा की बॅटरी चाटली असावी. उपचार कॅल्शियम ईडीटीएचा (शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध), जोडीला थायामिन (जीवनसत्त्व ब-1), वजनाच्या दर किलोला 2 ते 4 मिग्रॅ. दोन्ही डॉक्टरांच्याच हातून. दुकानदार ‘लिव्हर टॉनिक’ची बाटली पुढे करील, तिने शिसं निघत नाही.

आता खरा घोळ. जनावर कसंबसं उठलं की घाईने खाटकाला विकलं जातं. शिसं काळीज (यकृत), गुरदा (मूत्रपिंड) आणि हाडांत साठलेलं असतं, आणि कितीही शिजवलं तरी धातू जळत नाही. खाणाऱ्याला चवीने काही कळत नाही. लहान मुलांच्या मेंदूला तर त्याची सुरक्षित मात्राच नाही. बाधित जनावर आणि त्याच्यासोबत चरलेली, वरून ठणठणीत दिसणारी गुरंसुद्धा रक्त तपासल्याशिवाय विकू नका. रक्त साफ व्हायला महिनोन्‌महिने लागू शकतात. तोवर दूधही घरात नको, डेअरीला नको. मेलेलं जनावर खोल पुरा.

शिशासारखाच दुसरा विषारी धातू कॅडमियम. तो गुपचूप येतो: स्फुरदयुक्त खतांतून मातीत, मातीतून चाऱ्यात. तो गुरद्यात वर्षानुवर्षं साचतो. युरोपीय संघाची मर्यादाच बघा, मांसात किलोला 0.05 मिग्रॅ, काळजात 0.5, गुरद्यात 1. म्हाताऱ्या जनावराचा गुरदा वारंवार खाऊ नये तो यासाठीच. खनिज मिश्रणही बिनलेबलचं नको, हलक्या फॉस्फेटमधून हेच धातू येतात. आणि ‘वाढीची पावडर’ कोणी गळ्यात मारली तर घटक विचारा. रॉक्सारसोन हे आर्सेनिकचं औषध कोंबड्यांना वाढीसाठीच चारलं जायचं. अमेरिकेत 2011 साली त्याची विक्री थांबली, कारण कोंबडीच्या काळजात असेंद्रिय आर्सेनिक सापडलं.

पावसाआधीची नेहमीची कामं:
– घटसर्प, फऱ्या लस
– जंतनाशक
– गोचीड फवारणी
– छप्पर, गटार
– दावणीला मीठ

मेंढ्या असतील तर गाई-म्हशींचं खनिज मिश्रण त्यांना घालू नका. तांबं मेंढीला लवकर बाधतं.

बॅटरी उचलताना हातमोजे घाला. फोडू नका, जाळू नका, आतलं पाणी ओतू नका. प्लास्टिकच्या घमेल्यात उभी ठेवून बॅटरीवाल्याकडे परत द्या. ती जिथे पडली होती तिथली वरची माती खरवडून पोत्यात भरा, आणि या हंगामात त्या जागेला काट्या लावा. पूर्वी जिथे बॅटऱ्या किंवा रंगवलेली लाकडं जाळली असतील, त्या राखेच्या जागेलाही.