निवासी ग्रामीण फेलोशिप : अर्ज करण्यापूर्वी आणि गावात पोहोचल्यावर

शिकलेल्या तरुणांनी एखाद्या भागात वर्ष-दोन वर्षे मुक्काम करून काम करावे आणि त्यातून त्या भागाचे प्रश्न समजून हाताळणारी माणसे घडावीत, या हेतूने चालणाऱ्या निवासी फेलोशिपपैकी दोन महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या बऱ्यापैकी परिचयाच्या आहेत. राजस्थानात २००८ मध्ये सुरू झालेली गांधी फेलोशिप दोन वर्षांची असून तिचा मुख्य भर सरकारी शाळा आणि सार्वजनिक यंत्रणा यांवर राहिला आहे. २०११ मध्ये सुरू झालेली एसबीआय यूथ फॉर इंडिया ही फेलोशिप १३ महिन्यांची असून तीत फेलो एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यक्षेत्रात राहून पाणी, आरोग्य, शिक्षण, उपजीविका, पारंपरिक हस्तकला अशा विषयांपैकी एकावर स्वतःचा प्रकल्प उभा करतो. पुढील मार्गदर्शन मुख्यतः या दुसऱ्या फेलोशिपसाठी आहे. मात्र अर्जाच्या तयारीचा भाग दोन्हींना लागू पडतो.

पात्रतेच्या अटी फार कडक नाहीत. वय २१ ते ३२ वर्षांच्या दरम्यान असावे आणि कोणत्याही शाखेची पदवी असावी. खरी अडचण पैशांची असते. राहणे, जेवण, स्थानिक प्रवास आणि प्रकल्पाचा किरकोळ खर्च यांसाठी दरमहा मिळणारी रक्कम एका माणसाला गावात पुरते, परंतु शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू असेल किंवा घरी नियमित पैसे पाठवावे लागत असतील तर ती पुरणार नाही. पूर्ण मुदत काम केल्यावर एकरकमी भत्ता मिळतो, पण तो शेवटी मिळतो, हे हिशेब मांडताना लक्षात ठेवावे. रकमा आणि अर्जाच्या तारखा दरवर्षी त्या-त्या वर्षाच्या जाहिरातीतूनच पाहाव्यात. शिकवणीवाल्यांनी फिरवलेल्या जुन्या तक्त्यांवर विसंबू नये. घरच्यांशी बोलणेही अर्ज भरण्यापूर्वीच उरकून घ्यावे.

ऑनलाइन अर्जानंतर लेखी प्रश्न आणि मुलाखत असे टप्पे येतात, आणि बहुतेक अर्ज लेखी उत्तरांतच एकसारखे होऊन जातात. ‘मला समाजासाठी काहीतरी करायचे आहे’ या वाक्याने सुरू होणारे उत्तर चांगल्या मनाने लिहिलेले असले, तरी त्यातून वाचणाऱ्याला उमेदवाराविषयी काहीही कळत नाही. त्याऐवजी महिनाभर आधी एक साधी तयारी करावी. आपल्या किंवा आजोळच्या गावची ग्रामसभा कधी आहे ते विचारावे. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे रूढ दिवस आहेत. सभेला जाऊन मागे बसावे, कोण बोलते आणि कोण गप्प राहते ते पाहावे, आणि गावाचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर काढून वाचावा. आराखड्यात पाण्याचे काम पूर्ण दाखवलेले आहे आणि वरच्या वस्तीतील बायका मात्र मे महिन्यात विहिरीवर रांगा लावतात, असे काही आढळले, तर ती विसंगती कशामुळे निर्माण झाली याचा सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि त्या वस्तीतील दोन-तीन घरे अशा तिन्ही ठिकाणी विचारून शोध घ्यावा. एवढे झाले की उत्तरात लिहायला स्वतःचे असे काही हाती येते, आणि मुलाखतीतील उलटप्रश्नही अवघड वाटत नाहीत. महाविद्यालयातील पदे, पारितोषिके आणि राष्ट्रीय सेवा योजनेची प्रमाणपत्रे एका ओळीत आटोपावीत.

मुलाखतीपूर्वी भागीदार संस्थांची, म्हणजे फेलो ज्यांच्या कार्यक्षेत्रात राहतो त्या स्वयंसेवी संस्थांची, कामे वाचावीत, कारण पुढचे वर्ष त्यांच्याच पद्धतीत जाणार असते. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेली बाएफ ही ग्रामविकास संस्था, राजस्थानातील तिलोनियाचे बेअरफूट कॉलेज, उदयपूरची सेवा मंदिर या संस्थांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. बाएफच्या वाडी कार्यक्रमात आदिवासी कुटुंबाच्या थोड्या जमिनीवर आंबा, काजू अशी फळझाडे लावली जातात. कलम लावल्यापासून फळ हाती येईपर्यंत काही वर्षे जातात. अशा ठिकाणी १३ महिन्यांचा फेलो बाग उभी करू शकत नाही. तो झाडांमधील आंतरपीक, मालाची प्रतवारी, विक्रीची सोय अशी एखादी कडी नक्कीच जोडू शकतो. आपल्या मुदतीत पूर्ण होईल एवढेच काम प्रस्तावात मांडणारा उमेदवार मला अधिक भरवशाचा वाटतो.

गावात पोहोचल्यावर पहिले सहा-आठ आठवडे प्रकल्प सुरू करण्याची घाई करू नये. संस्थेच्या तालुक्यातील कार्यालयात राहणे सोयीचे असले, तरी शक्य तितक्या लवकर गावात खोली पाहावी. वीज केव्हा जाते, शेवटची एसटी किती वाजता असते आणि मजूर पहाटे कुठे जातात, या गोष्टी तिथे राहूनच कळतात. भाषेचा प्रश्न परराज्यातच येतो असेही नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर वारली बोलली जाते आणि पुण्याच्या प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नांना तिथे बहुधा ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. सर्वेक्षणाचा कागद त्यामुळे सुरुवातीला बाहेर काढू नये. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या अध्यक्षा यांच्या कामात हात लावावा. ओळखी आपोआप होतात. मुलींनी खोली निवडताना शौचालय, दाराची कडी आणि शेजार हे स्वतः पाहून घ्यावे, आणि त्याबाबत संस्थेशी स्पष्ट बोलण्यात संकोच करू नये.

शेवटच्या तीन महिन्यांत नवे काही सुरू करू नये. हिशेबाची वही, व्यापाऱ्यांचे संपर्क, यंत्राच्या दुरुस्तीची माहिती हे सर्व गावातील दोन व्यक्तींना स्थानिक भाषेत लिहून द्यावे आणि निघण्याच्या किमान महिनाभर आधी बँकेत जाणे, माल मोजणे, बैठक बोलावणे ही कामे त्यांनाच करू द्यावीत. जिथे ते अडतील तेथील सूचना पुन्हा लिहून काढाव्यात आणि त्याची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात, पुढच्या तुकडीच्या फेलोसाठी ठेवावी.