मदत कुणाकडे मागायची आणि कधी: कोल्हापुरातल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी

मेडिकल कॉलेजात मदतीची दारं कमी नसतात. मेंटॉर असतो, वॉर्डन असतो, अँटी-रॅगिंग समिती असते, स्टुडंट सेक्शनची खिडकी असते. अडचण अशी की प्रत्येक दार ठरावीक वेळेपुरतंच उघडं असतं. सत्राच्या दुसऱ्या महिन्यात एका अर्जाने मिटणारं काम परीक्षेच्या तोंडावर डीनच्या केबिनपर्यंत जातं आणि तिथंही मिटत नाही. म्हणून हे सगळं कोणत्या दाराशी कधी जायचं, या हिशोबाने लिहिलं आहे.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सीपीआर रुग्णालय आणि शेंडा पार्कचा परिसर, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. कसबा बावड्यातलं डी. वाय. पाटील हे अभिमत विद्यापीठाचं कॉलेज. परीक्षा कोण घेतं, बाँड (पास झाल्यावर सरकारी सेवेचं बंधन) लागतो का, सरकारी फीसवलत मिळते का, ही सगळी उत्तरं दोन्हीकडे वेगळी आहेत. मेसच्या टेबलावर मिळणारा सल्ला बऱ्याचदा दुसऱ्याच कॉलेजचा असतो. तो आधी गाळून घ्या.

हजेरी: मेंटॉरकडे आकडे घेऊन जा

परीक्षेला बसायला थिअरीत ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलमध्ये ८० टक्के हजेरी लागते, दोन्ही वेगवेगळी. इंटर्नल असेसमेंटमध्ये, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणांत, दोन्ही मिळून ५० टक्के, आणि थिअरी व प्रॅक्टिकल प्रत्येकी किमान ४० टक्के. एकीकडचं जास्तीचं दुसरीकडे वळवता येत नाही.

हिशोब कसा फिरतो ते पाहा. वर्षाची १०० प्रॅक्टिकल्स धरा. पहिल्या ५० पैकी तुम्ही ३० केली, म्हणजे ६० टक्के. आता ८० गाठायला उरलेली ५० च्या ५० करावी लागतील. एक चुकलं की ८० टक्के हुकलेच. हेच २० प्रॅक्टिकल्स झाल्यावर १२ वर असताना लक्षात आलं असतं, तर उरलेल्या ८० पैकी ६८ केली तरी भागलं असतं, म्हणजे १२ चुकवायची मुभा राहिली असती. टक्केवारी दोन्ही वेळी ६० च. बदलली ती वेळ. त्यामुळे दर महिन्याला आपली हजेरी विभागाच्या रजिस्टरशी ताडून बघा. चुकून लागलेली गैरहजेरी त्या महिन्यात दुरुस्त होते, आठ महिन्यांनी ती कुणाला आठवत नाही.

मेंटॉरकडे ‘सर, जरा प्रॉब्लेम आहे’ म्हणून जाऊ नका. एका कागदावर विषय, झालेले तास, केलेले तास, चुकण्याचं कारण आणि तुम्हाला काय हवं आहे ते लिहून न्या. पाच मिनिटांत काम होतं आणि त्या कागदावरची तारीख पुढे उपयोगी पडते. मेडिकल सर्टिफिकेट दिलं की गैरहजेरीची हजेरी होते, हा गैरसमज दर बॅचला नव्याने होतो.

पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त ४ प्रयत्न आणि सगळा कोर्स ९ वर्षांत, अशी मर्यादा आहे. विषय राहिला तर आधी तो कुठे राहिला ते शोधा: थिअरीत, प्रॅक्टिकलमध्ये की तोंडी परीक्षेत. मराठी माध्यमातून आलेल्यांचं बऱ्याचदा विषयावाचून अडलेलं नसतं, इंग्रजीत बोलता न येण्यावाचून अडलेलं असतं. रोज दहा व्याख्या मोठ्याने म्हणा, रूममेटला उलटसुलट विचारायला लावा. मनातल्या मनात वाचून व्हायवा सुटत नाही.

उलटी अडचण बाहेरच्या राज्यातून आलेल्यांची. पेशंट पुस्तकी मराठी बोलत नाही. ‘छातीत चमक मारतीया’ म्हणजे क्षणभर टोचून जाणारं दुखणं, आणि ‘छाती आवळल्यागत होतंय’ म्हणजे ताबडतोब ईसीजी. ‘हातापायाला मुंग्या येत्यात’ आणि ‘पाय बधिर पडलाय’ हे एक नव्हे. ‘भोवळ आली’ म्हटलं की शुद्ध गेली होती का, सगळं गरगरलं का, की नुसती डोळ्यांपुढे अंधारी आली, हे तिन्ही वेगवेगळं विचारायचं. खिशातल्या वहीत असे शब्द टिपत जा. शंकेला वॉर्डातल्या मावशी आणि सिस्टर आहेतच; त्यांच्याइतकं हे कुणीच शिकवत नाही.

पैसे

महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज अडतो तो बहुतेक तीन जागी. एक, बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा आधार तिसऱ्याच जुन्या खात्याला जोडलेलं असतं आणि पैसे तिकडे जातात. दोन, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. तीन, अर्ज कॉलेजच्या लॉगिनवरून त्रुटीसाठी परत आलेला असतो आणि विद्यार्थी ‘भरला होता की’ म्हणून निवांत असतो. अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहा आणि परत आला असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून पाठवा. दरवर्षी नूतनीकरणही करावंच लागतं.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जात आणि जातवैधता प्रमाणपत्र, प्रवेशाचं अलॉटमेंट लेटर, रेशनकार्ड हे स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना वेगळी आहे आणि तिचा अर्जही वेगळा भरायचा. मुलींसाठी २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गात, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. मात्र अभिमत विद्यापीठातल्या जागेला ती लागू नाही. प्रवेश घेतानाच हे विचारायला हवं, पहिला हप्ता भरल्यावर नव्हे.

मन आणि वसतिगृह

रॅगिंगसाठी युजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि मेडिकल कॉलेजांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे स्वतंत्र नियम आहेत. तक्रार करताना ‘त्रास देतात’ एवढंच लिहू नका. दिवस, वेळ, जागा, कोण होतं, काय बोललं, काय करायला लावलं, असं लिहा. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज पुसू नका. ‘परंपरा आहे’ म्हणणाऱ्याला जुमानायचं कारण नाही.

मानसोपचाराच्या ओपीडीला विद्यार्थी जात नाहीत, त्यामागे एक खरी भीती असते: आज ज्यांच्यापुढे बसायचं, तेच उद्या व्हायवा घेणार. तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार बंधनकारक आहे. तरीही संकोच वाटत असेल तर कॉलेजबाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

जायचं कधी? झोप, भूक किंवा अभ्यासात लक्ष लागणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल तर. परीक्षेच्या ताणात असं होतंच, पण परीक्षा संपल्यावरही ते मागे सरलं नाही तर थांबू नका. मित्र जगणं नको असं बोलत असेल, किंवा वस्तू वाटून टाकत असेल, तर थेट विचारा: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. त्याला एकटं सोडू नका, खोलीतली औषधं बाजूला काढा, वॉर्डन आणि घरच्यांना कळवा, त्याच्यासोबत कॅज्युअल्टीत जा. कुणाला सांगणार नाही असं वचन इथे देऊ नका.

सुई टोचली तर

इंटर्नशिपमध्ये हा प्रसंग कधीही येऊ शकतो, आणि नेमका रात्री. साबण आणि वाहत्या पाण्याने जागा धुवा. दाबून रक्त काढू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. डोळ्यात उडालं असेल तर नुसत्या पाण्याने धुवा, साबण नको. मग लगेच ड्युटीवरच्या वरिष्ठांना सांगा आणि पेशंटचं एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) माहीत आहे का ते पाहा.

एचआयव्हीसाठीची पीईपी, म्हणजे संसर्ग टाळायची औषधं, शक्यतो २ तासांच्या आत सुरू व्हावी. ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही. गोळ्या २८ दिवस घ्यायच्या. पेशंटचा रिपोर्ट येण्याची वाट बघत पहिला डोस लांबवला जातो, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. आधी डोस, मग रिपोर्ट. निगेटिव्ह आला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करता येतं. तुमचं स्वतःचं रक्त त्याच वेळी तपासून घ्या, नाहीतर आधीची स्थिती सिद्ध करता येत नाही. घटनेची नोंद रजिस्टरमध्ये झाली का, हे स्वतः डोळ्यांनी पाहा.

हिपॅटायटिस बीची तयारी तर पहिल्याच वर्षी करायची असते: ०, १ आणि ६ महिन्यांना डोस, आणि तिसऱ्यानंतर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लशीने पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते पाहणारी रक्ततपासणी. १० mIU/ml किंवा त्यावर आलं की झालं. डोस सगळे घेतात, टायटर मात्र क्वचितच कुणी करतं.

इंटर्नशिप आणि पुढचं

इंटर्नशिप १२ महिन्यांची. त्यात कम्युनिटी मेडिसिन १२ आठवडे, स्त्रीरोग ७, मेडिसिन आणि सर्जरी प्रत्येकी ६. रजा १५ दिवस. त्याहून जास्त दिवस बुडाले की इंटर्नशिप तितकी लांबते, आणि इथेच वर्ष जातं: नीट पीजीला (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला) इंटर्नशिप पूर्ण होण्याची शेवटची तारीख ठरलेली असते, ती चार दिवसांनी चुकली तरी त्या वर्षीची परीक्षा गेली. लॉगबुकवर सही पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशीच घ्या. सरकारी कॉलेजात बदल्या होतात, आणि बदलून गेलेल्या विभागप्रमुखांची सही मिळवायला पार दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं. ग्रामीण पोस्टिंग पावसाळ्यात आलं तर गगनबावडा, राधानगरीकडचे रस्ते आणि पंचगंगेचं पाणी धरूनच राहण्याची सोय करा. ‘पूर होता’ हे कारण लेखी आणि त्याच दिवशी कळवा.

राज्यातल्या सरकारी कॉलेजांत इंटर्नचं विद्यावेतन २०२४ मध्ये ११ हजारांवरून १८ हजार झालं.

पीजीची शाखा निवडताना प्राध्यापकांकडे बघू नका, त्या विभागातल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटकडे, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरकडे, बघा. पहाटे तीनला तो काय करतोय, तेच काम तुम्हाला तीन वर्षं करायचं आहे. मग खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या, चाळिशीतल्या एखाद्या डॉक्टरांना विचारा, कारण पुढची तीस वर्षं तशी जाणार. हे दोन्ही चित्र सोसत असेल तर शाखा तुमची. रँक पाहून शाखा ठरवणाऱ्यांना पुढे पस्तावा होतो, पण रँक हातात नसताना शाखा ठरवणंही पोकळच. म्हणून यादीत तीन शाखांची नावं ठेवा.

नीट पीजीत २०० प्रश्न, ८०० गुण, बरोबरला ४ आणि चुकलेल्याला उणे १. २०२४ पासून ४० प्रश्नांचे पाच विभाग आणि प्रत्येकाला ४२ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ६३ सेकंद. विभाग संपला की मागे जाता येत नाही. सलग साडेतीन तासांचे मॉक देऊन ही सवय लागत नाही; ४२ मिनिटांचा गजर लावूनच सराव करा. चार पर्यायांतले दोन कापता आले तर उत्तर द्याच: दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक धरली तरी हातात ३ गुण पडतात. आयएनआय-सीईटी, म्हणजे एम्ससारख्या राष्ट्रीय संस्थांची पीजी प्रवेश परीक्षा, वर्षातून दोनदा होते आणि तिथे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, त्यामुळे हाच हिशोब तिथे लावू नका.

पीजीच लगेच करायला हवं असंही नाही. यूपीएससीची कंबाइंड मेडिकल सर्व्हिसेस, लष्करातलं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, प्राथमिक आरोग्य केंद्रातली नोकरी, सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, हे रस्ते आहेत. परदेशाचं ठरत असेल तर ते तिसऱ्या वर्षीच ठरवा. यूएसएमएलईची, म्हणजे अमेरिकेच्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेची, पहिली पायरी जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास आहे, त्यामुळे भार दुसऱ्या पायरीच्या गुणांवर आणि तिकडच्या प्रत्यक्ष अनुभवावर आला. त्याची जुळवाजुळव इंटर्नशिपमध्ये सुरू केली तर उशीर झालेला असतो. संशोधनाची चव घ्यायची असेल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना आहे. तिच्यासाठी गाइड आधी गाठा, विषय नंतर ठरवा. नैतिकता समितीच्या मंजुरीला लागणारा वेळही धरा. बरेच प्रस्ताव तिथेच अडकतात.

शासकीय कॉलेजातून पास झालेल्यांना एक वर्षाची बाँडसेवा आहे, नाहीतर १० लाख रुपये भरावे लागतात. सेवा पूर्ण झाल्याचा दाखला मूळ स्वरूपात घ्या आणि लगेच स्कॅन करा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी इंटर्नशिपच्या आधी, कायमची नंतर, आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी वैद्यकीय परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट जमा करावे लागतात. फॉर्मवर वसतिगृहाचा पत्ता आणि कॉलेजात घेतलेला तात्पुरता मोबाइल नंबर टाकू नका. पाच वर्षांनी ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे.