रंगाच्या तत्त्वज्ञानात उतरताना: आधी 'लाल शंकू' विसरा

नवखे बहुतेक इथेच फसतात: डोळ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन शंकू (प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे प्रकार) आणि ज्या रंगाचा प्रकाश येईल तो शंकू जागा होतो. साफ चूक. 'लाल' शंकूचं शिखर, म्हणजे तो सर्वांत जास्त प्रतिसाद देतो ती तरंगलांबी, ५६० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळट हिरव्यात असतं. 'हिरव्या'चं ५३०च्या आसपास. दोघांचे आलेख बरेचसे एकमेकांवर चढलेले. तरंगलांबीवरून लांब, मध्यम, आखूड अशीच नावं वापरा. थोडे दिवस जड जाईल, मग जीभ वळते.

मुख्य गोम पुढेच आहे. एकटा शंकू रंगांधळाच असतो. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शोषला गेला की त्याची तरंगलांबी काय होती हे तिथेच पुसलं जातं. उरतो फक्त किती शोषले हा आकडा. शिखरावरचा मंद प्रकाश आणि शिखरापासून लांबचा प्रखर प्रकाश त्याला अगदी सारखे वाटू शकतात. भेद कळतो तो तिघांच्या आकड्यांची तुलना झाल्यावर.

पटत नसेल तर मॉनिटरवर पिवळा चौकोन काढा: लाल २५५, हिरवा २५५, निळा ०. दहापट भिंगातून पाहा. पिवळा ठिपका एकही सापडणार नाही. अॅनोमॅलोस्कोप या रंगदृष्टी तपासायच्या उपकरणात हेच काटेकोरपणे होतं: एका बाजूला ५८९ नॅनोमीटरचा पिवळा, दुसऱ्या बाजूला ५४५ आणि ६७० यांचं मिश्रण. प्रमाण जुळलं की डोळ्याला दोन्ही एकच. मग 'पिवळा म्हणजे अमुक तरंगलांबी' असं लिहिणाऱ्याचा निबंध पहिल्याच परिच्छेदात बुडतो. रंग वस्तूतच असतो असं म्हणणाऱ्यालाही एवढ्या वेगवेगळ्या भौतिक कारणांना एकत्र बांधणारं काही दाखवावं लागतं. तसे प्रयत्न झालेत. रंग वस्तूत असतो हा वास्तववाद लगेच मोडीत काढू नका.

उलट्या वर्णपटाचा प्रश्न, म्हणजे मला पिवळा दिसतो तिथे तुम्हाला निळा दिसत असेल तर कळेल का, हा तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० मध्येच झेंडूच्या फुलाचं उदाहरण देऊन मांडला. त्यावर लिहिताना पिवळा-निळा सहज अदलाबदल करू नका: अगदी शुद्ध पिवळा उजळ असतो, अगदी शुद्ध निळा काळसर. अदलाबदल वागण्यातून उघडी पडेल.

तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सनचा १९८२चा मेरीवरचा लेख (रंगाचं सगळं विज्ञान माहीत असलेली, पण कधी रंग न पाहिलेली काल्पनिक शास्त्रज्ञ) छोटा आहे, मुळातूनच वाचा. सारांशाच्या व्हिडिओंमध्ये त्याने पुढे स्वतःच मत बदललं हे बहुधा गाळलेलं असतं. आणि 'विज्ञान नको, संकल्पना पुरेत' म्हणणारा मार्गदर्शक मिळाला तर नम्रपणे दुसरा शोधा. गणिताची भीती मात्र नको. आलेख वाचता आले की सुरुवातीला भागतं.