साडेसहाची गाडी आणि तालिकेचा खण: वाचनालयात झीन कसं सुरू करायचं

आमच्या वाचनालयात गेल्या वर्षी सगळ्यात जास्त हातांतून फिरलेलं पुस्तक आठ पानांचं आहे. सहावीतल्या एका मुलीनं ते केलंय. नाव 'साडेसहाची गाडी'. तिच्या वाडीवरून येणारी एस.टी. कुठे थांबते, पावसात कुठे थांबत नाही, कोणत्या खिडकीची काच वर सरकत नाही, पास घरी राहिला तर कंडक्टरकाकांना काय सांगायचं, हे सगळं त्यात आहे. सहाव्या पानावर वळणावरचं चिंचेचं झाड काढलंय. खाली लिहिलंय, 'इथे सगळे उठून उभे राहतात. स्टँड अजून लांब आहे.' ते बघायला वाडीवरची माणसं आली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आमचा जिना पहिल्यांदाच चढला होता.

स्वतः लिहायचं, स्वतः चित्रं काढायची, झेरॉक्स मारायची आणि वाटायचं, अशा पुस्तिकेला झीन म्हणतात. शब्द अमेरिकेतला आहे. तिथे १९३० च्या दशकात विज्ञानकथांचे वाचक आपापली पत्रकं काढून एकमेकांना टपालाने पाठवत. त्यांना १९४० मध्ये 'फॅनझीन' हे नाव पडलं आणि पुढे त्याचं नुसतं 'झीन' झालं. शब्द परका असला तरी वस्तू आपल्याला परकी नाही. शाळेत आपण हस्तलिखित काढायचो, वर्गातल्या चांगल्या अक्षराच्या मुलीकडे ते लिहायला दिलेलं असायचं. आणि पन्नास-साठच्या दशकांत मराठीत अनियतकालिकं, म्हणजे ठरलेल्या तारखेचं बंधन नसलेली छोटी मासिकं, निघत होती. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ या कवींनी 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइल करून, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलवरून प्रती काढून. पुढे अशोक शहाणे, राजा ढाले यांच्या पिढीनं ही वाट रुंद केली. त्या अंकांचे कागद आज बघायचे म्हटले तर कुणाच्या तरी घरच्या पेटीत शोधावे लागतात. ते निघत होते तेव्हा गावोगावच्या वाचनालयांनी जपून ठेवायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं. म्हणून झीन करायला शिकवणं हे ग्रंथपालाचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ते सांभाळणं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. सकाळी पेपर वाचायला निवृत्त मंडळी येतात, दुपारी कादंबऱ्या बदलायला बायका येतात, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. बाकी गाव येत नाही. वर्गणी कमी करून पाहिली, बॅनर लावून पाहिले, ग्रंथप्रदर्शनं भरवली. प्रदर्शनाला तीच माणसं आली जी एरवीही येतात. झीनमुळे उलटं झालं. आधी आम्ही लोकांकडे गेलो, त्यांचं लिहिलेलं घेऊन परत आलो, आणि ते कुठे ठेवलंय हे बघायला लोक आमच्या मागे आले.

आता कृती. दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतः तीन तरी करा.

एक ए-फोर कागद आडवा धरा. आधी लांबीच्या दिशेनं मधोमध घडी घाला, म्हणजे लांब पट्टी होईल. उघडा. मग रुंदीच्या दिशेनं मधोमध घडी, आणि तशीच मिटलेली ठेवून पुन्हा एकदा मधोमध. सगळं उघडलं की आठ चौकटी दिसतील. आता रुंदीची फक्त पहिली घडी घाला. बंद कडेच्या बाजूनं, मधल्या आडव्या रेषेवरून, पुढच्या घडीपर्यंतच कापा. कात्री त्या घडीच्या पुढे गेली की पुस्तकाचे दोन तुकडे होतात, आणि पहिल्या बैठकीत निम्म्या मुलांचं हेच होतं, तेव्हा जास्तीचे कागद जवळ ठेवा. कागद पूर्ण उघडला की मधे एक चीर दिसेल. आता परत लांब पट्टी करा, दोन्ही टोकं धरून मधे ढकला. चीर फाकते, वरून अधिकचं चिन्ह दिसतं, आणि पानं एका बाजूला वळवली की पुस्तक तयार. शिवण नाही, पिन नाही.

कोणती चौकट उलटी, कोणती सुलटी हे तोंडी समजावत बसू नका. पुस्तक आधी घडवायचं, मुखपृष्ठापासून एक ते आठ आकडे पेन्सिलीनं घालायचे, मग कागद उघडायचा. आकडे पानोपान आपोआप जागेवर बसलेले असतात: खालच्या ओळीत डावीकडून आठ, एक, दोन, तीन आणि वरच्या ओळीत उलटे सात, सहा, पाच, चार. मुलांना ही जादू फार आवडते. मोठ्यांनाही.

लिहायला काळं जेल पेन. निळ्या बॉलपेनचं अक्षर झेरॉक्समध्ये फिकं पडतं, आणि आपल्या लिपीत नेमकं तेच महागात पडतं, कारण पहिला जातो तो अनुस्वार. एका मुलानं 'आजोबांचं घर' लिहिलं होतं, झेरॉक्समधून 'आजोबाचं घर' आलं आणि तो हिरमुसला. ओळीच्या खालचा उकार आणि वरचा रफार यांना जागा सोडा. कागदाच्या चारही कडांना अर्धा सेंटिमीटर कोरा ठेवा, कारण मशीन तिथपर्यंत छापत नाही. चिकटवायला गोंदाची कांडी बरी, पातळ गोंदानं कागद सुरकुततो. चिकटपट्टी नकोच. ती काही वर्षांत पिवळी होते आणि कागदालाही डाग पाडते. पेन्सिलीवर पेन फिरवून झालं की खोडरबरनं आकडे पुसायचे. मूळ प्रत दुकानात एकटी सोडू नका, समोर उभं राहून झेरॉक्स काढून घ्या. एका कागदावर एक अख्खं पुस्तक बसत असल्यानं पन्नास प्रतींचा खर्चही आमच्या कार्यकारिणीला जड वाटला नाही.

पहिल्या बैठकीत माझं चुकलं होतं. शाळेत जाऊन 'माझे आवडते पुस्तक' असा विषय दिला. तीस मुलांनी तीस निबंध लिहिले, तेही गाइडमधल्या भाषेत. त्यानंतर मी विषय द्यायचं बंद केलं. आता एकच प्रश्न विचारते: तुला असं काय माहीत आहे जे या खोलीत दुसऱ्या कुणालाच माहीत नाही? सुरुवातीला सगळे गप्प बसतात. थांबायचं. मधे पडून उदाहरणं द्यायची नाहीत, नाहीतर सगळे तेच उदाहरण उचलतात. पाच-सात मिनिटांनी एखादा म्हणतो, 'मला विहिरीतली मोटर चालू करता येते', किंवा एखादी म्हणते, 'आमची म्हैस कुणाला दूध देत नाही ते मला माहितीय.' मग खोली भरून जाते. 'साडेसहाची गाडी' अशीच निघाली.

शुद्धलेखन तपासायचं नाही. हे ग्रंथपालांना अवघड जातं, मलाही गेलं. पण लाल पेन बाहेर निघालं की वाचनालय पुन्हा शाळा होतं, आणि ज्यांच्यासाठी आपण हे करतोय ती माणसं तिथूनच तर लांब गेलेली असतात. कुणी स्वतःहून विचारलं तर जरूर सांगावं.

आणि झीन फक्त मुलांचं काम आहे असं धरून चालू नका. आमच्याकडे द्राक्षाचा आणि बेदाण्याचा हंगाम जानेवारीपासून सुरू होतो. त्या दिवसांत बायका शेडवर असतात, त्यांना वाचनालयात बोलावण्यात अर्थ नाही. मी जेवणाच्या सुट्टीत शेडवर गेले. जाळीवर बेदाणा पसरलेला, हवेत गंधकाच्या धुरीचा वास, आणि भाकरीची फडकी सोडून जेवायला बसलेल्या आठ-दहा जणी. एक मावशी म्हणाल्या, 'मला लिवता येत न्हाई, तुम्ही लिवा.' मग त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं. त्यांचं पुस्तक बेदाणा निवडण्याचं आहे. काडी कशी ओळखायची, काळा मणी हिरव्यात गेला तर काय होतं, सकाळी पहिल्या तासात हात भरभर का चालतो आणि चारनंतर डोळा का फसतो. मी 'कार्यक्षमता' असा शब्द घातला, त्यांनी वाचून दाखवायला लावला आणि म्हणाल्या, 'ह्ये माझं न्हाई.' मी खोडलं. सांगणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं आणि संपल्यावर पूर्ण वाचून दाखवायचं, हा नियम तेव्हापासून पाळतेय. चित्रं मात्र त्यांनीच काढली. बोटाच्या दोन पेरांमध्ये धरलेला मणी इतका नेमका काढलाय की मला तो बघूनच निवडणी समजली.

एका गोष्टीबद्दल मी फार काटेकोर आहे, ती म्हणजे परवानगी. झीनमध्ये माणसं खाजगी लिहितात. एका मुलीनं घरातल्या भांडणांबद्दल लिहिलं होतं, एका वाचकानं त्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, आणि तिला घरी बोलणी बसली. आम्ही तेव्हा तिला काहीच विचारलेलं नव्हतं, चूक आमची होती. आता झीन घेताना तीन प्रश्न विचारते आणि उत्तरं लिहून ठेवते. हे सगळ्यांना वाचायला ठेवू का? तुमचं नाव लावू, टोपणनाव लावू, की नावच नको? याच्या प्रती दुसरीकडे दिल्या, फोटो काढला, तर चालेल का? आणि पुढे कधीही येऊन 'काढून टाका' म्हणालात तर त्याच दिवशी काढू, हेही सांगते. मुलांच्या बाबतीत आडनाव आणि गाव लिहीतच नाही. अमेरिकेतल्या झीन सांभाळणाऱ्या ग्रंथपालांनीही एकत्र बसून याच मुद्द्यांवर आचारसंहिता लिहिली आहे. छापून प्रकाशित झालेलं पुस्तक आणि पन्नास ओळखीच्यांसाठी काढलेले कागद, यांना एकाच मापानं मोजता येत नाही.

सांभाळायचं कसं? न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या ग्रंथालयात २००३ पासून झीनसंग्रह आहे. तिथे जमेल तेव्हा दोन प्रती घेतात, एक जपून ठेवायला आणि एक वाचकांच्या हातात द्यायला. आम्ही हीच पद्धत उचलली. वाचायची प्रत दारातल्या सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यानं टांगलेली असते. फाटली, हरवली तर मूळ कागदावरून दुसरी काढतो, त्यासाठी दंड नाही. जपायच्या प्रतीसाठी जागा शोधत होते तेव्हा लक्ष तालिकेच्या जुन्या लाकडी कपाटाकडे गेलं. प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली कार्डं, म्हणजे तालिकापत्रं, त्याच्या छोट्या खणांत ठेवलेली असायची. संगणक आल्यापासून ते कोपऱ्यात धूळ खात होतं. तालिकापत्र साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं असतं. ए-फोरची घडी घालून होणारं पुस्तक येतं जवळजवळ साडेसात बाय साडेदहा. खणात टाकून पाहिलं आणि ते असं बसलं की जणू सुतारानं मोजूनच केलं होतं! तुमच्या वाचनालयात हे कपाट असेल तर भंगारात देऊ नका. दमट महिन्यांत खणात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, महिन्यातून एकदा खण उघडून वारं लागू द्या, आणि जास्त पानांचं झीन असेल तर पिन न मारता दोऱ्यानं शिवा. पावसाळ्यात पिनेचा गंज पानावर उतरतो.

झीनची नोंद दाखल रजिस्टरात, म्हणजे वाचनालयात येणारं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदवतात त्या वहीत, करायच्या भानगडीत पडू नका. तिथे किंमत, प्रकाशक, बिल क्रमांक असे रकाने आहेत, तपासणीच्या वेळी नुसता गोंधळ होतो. वेगळी वही करा: क्रमांक, नाव, कुणी केलं, कधी, कशाबद्दल आणि त्या तीन प्रश्नांची उत्तरं. 'कशाबद्दल' या रकान्यात लिहिताना मोठे शब्द वापरू नका. 'ग्रामीण परिवहन' लिहिलं तर ती मुलगी स्वतःचं पुस्तक शोधू शकणार नाही. 'एस.टी.' लिहा. आणि प्रत्येक झीनसाठी एक तालिकापत्र करा, करणाऱ्याचं नाव वर, जसं लेखकाचं असतं तसंच.

दिवस निवडायचा तर १२ ऑगस्ट चांगला. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन, आणि आमच्या भागात शेतीची घाई तेव्हा जरा कमी असते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी शाळा स्वतःहून बोलावतात, तेव्हा सुतळी आणि चिमटे घेऊन जा. बैठक दोन तासांची पुरे. पंचवीसपेक्षा जास्त माणसं घेऊ नका, प्रत्येकाच्या शेजारी दोन मिनिटं बसता आलं पाहिजे. शेवटची पंधरा मिनिटं अदलाबदलीची: आपली एक प्रत द्यायची, दुसऱ्याची घ्यायची. मी स्वतःचंही ठेवते. माझं झीन आमच्या वाचनालयाच्या जिन्याबद्दल आहे, त्याच्या सतरा पायऱ्यांबद्दल.

बेदाण्याच्या मावशी हंगाम संपल्यावर जावेला घेऊन आल्या. त्यांचं तालिकापत्र मी खणातून काढून हातात दिलं. नाव कुठे आहे ते त्यांनी जावेला बोटानं दाखवलं. जाऊबाईंनी विचारलं, 'गोधडीचं चालंल का?' मी दोन कागद आणि पेन पुढे केलं. त्या तिथेच, पेपरवाल्या आजोबांच्या टेबलावर बसल्या. आजोबांनी पेपर आवरून त्यांना जागा करून दिली.