सत्तरीपुढच्यांचं वय वंदना कार्ड कसं काढावं: अंगठा उठत नसेल तर

आयुष्मान वय वंदना कार्डाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, रेशनकार्डाचा रंगही कुणी बघत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही ते फुकट मिळतं. त्यावर आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, पण दवाखान्यात भरती झाल्यावरच. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर दोघांत मिळून ५ लाख.

वय आधारवरचंच धरतात. त्यावर ते कमी लागलेलं असेल तर आधी आधार केंद्र गाठा.

मोबाईलवर आयुष्मान ॲप उघडा, लाभार्थी म्हणून शिरा, सत्तरीपुढच्यांची नोंदणी निवडा, आधार नंबर टाका. इथवर काहीच अवघड नाही. खरी अडचण ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून ओळख पटवताना येते.

आपल्याकडं जन्मभर ऊस तोडलेली, कापूस वेचलेली माणसं. त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. सेवा केंद्रावर म्हातारीचा अंगठा मशीनवर दाबून धरतात, कुणी खोबरेल चोळायला सांगतं, कुणी मातीत घासायला. कृपा करून यातलं काहीही करू नका. तेलानं काच माखते, घासून कातडी सोलते, आणि ताटकळलेलं माणूस ‘नको मला ते कार्ड’ म्हणून घरी जातं. अंगठ्याचा हट्टच सोडा.

आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीनं काम होतं. नंबर मात्र घरातल्याच माणसाचा हवा. आडनावाच्या ओळखीनं गावातल्या कुणाचा तरी दिलेला असतो आणि ऐन वेळी तो पुण्याला असतो. मोबाईल जोडलेला नसेल तर चेहऱ्यावरून ओळख पटवा, त्याची सोय ॲपमध्येच आहे. दुपारी ओसरीत, उजेडाकडं तोंड करून बसवा. पाठीमागं उघडं दार नको. चष्मा काढा, पदर कपाळावरून मागं घ्या, आणि सांगितल्यावर पापण्या मिटून उघडायला लावा. आधारवरचा फोटो फार जुना असेल तर तो आधी बदलून घ्या. डोळ्यांच्या बुबुळावरूनही ओळख पटते, पण त्याला वेगळं मशीन लागतं.

पुढं फोटो, पत्ता, घरच्यांची माहिती भरली की मंजुरीनंतर कार्ड उतरवून घ्या.

भरतीच्या वेळी आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाचा टेबल शोधा. दवाखाना योजनेत आहे का आणि हा आजार त्यात बसतो का, हे तिथं विचारल्याशिवाय अनामत भरू नका. योजनेतल्या उपचाराला पैसे मागितले तर काउंटरसमोर उभं राहूनच योजनेच्या हेल्पलाईनला, १४५५५ ला फोन लावा.